तपासणीचा शेरा कागदावर द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावच्या शहापुरात मी मिरची कांडप आणि चटणी-मसाल्याचा छोटा व्यवसाय सुरू केला आहे. आमची खरी कमाई शिमग्यापासून मृगापर्यंत. संकेश्वरी, ब्याडगी वाळून बाजारात आली की घरोघरी वर्षाची चटणी होते. पाऊस लागला की गिऱ्हाईक संपलं. परवान्याला महिनाभर उशीर झाला तर हंगामाचा मोठा वाटा बुडतो.

मनपाचा व्यवसाय परवाना, मोटरीसाठी थ्री फेज वीज, अन्न सुरक्षा नोंदणी, काट्याला वजनमाप खात्याचा शिक्का, एवढं सगळं लागतं. फीबद्दल तक्रार नाही. अन्न नोंदणी तर वर्षाला १०० रुपयांत होते. घोडं अडतं तपासणीपाशी.

एका खात्याचे निरीक्षक आले. एक्झॉस्ट पंखा गल्लीकडे नको, जाणाऱ्या-येणाऱ्यांना ठसका लागतो, म्हणाले. पटलं. मागची भिंत फोडून पंखा तिकडे बसवला. पुढच्या खेपेला दुसरेच साहेब. मागे शेजाऱ्यांचं न्हाणीघर आहे, इथे चालणार नाही! त्यांचंही खरंच होतं. शेवटी छपराच्या वर पाईप नेला तेव्हा मिटलं. पण आधीच्या साहेबांनी काय सांगितलं होतं, हे दाखवायला माझ्याकडे चिठोराही नव्हता. गवंड्याची मजुरी मात्र दोनदा गेली.

पाटीवरून आपल्याकडे एवढा वाद होतो, पण मला तिचा त्रास झाला नाही. वरच्या भागात ६० टक्के कन्नड, हा २०२४ चा नियम छापील आहे. पेंटरला दाखवला, खाली मराठीही लिहून घेतली, काम झालं. तोंडी नियमाचं काय करायचं?

कायदा तर आपल्या बाजूने आहे. अन्न नोंदणीच्या अर्जावर सात दिवसांत नोंदणी, नकार किंवा तपासणीची नोटीस मिळाली पाहिजे आणि नकाराची कारणं लेखी हवीत, असं २०११ चे केंद्रीय नियम सांगतात. सरकारी कामं ठरल्या मुदतीत करून देण्याची हमी देणाऱ्या कर्नाटकाच्या सकाल सेवा कायद्यात येणाऱ्या कामांना उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई आहे. (एवढ्यात गवंडी दिवसभर येत नाही, ते सोडा.) नव्याने अर्ज करणाऱ्यांनी त्या कायद्याखालची नंबर असलेली पोचपावती मागून घ्यावी. गाऱ्हाणं मराठीत द्यायलाही हरकत नाही, घटनेच्या ३५० व्या कलमाने तो हक्क दिला आहे.

प्रशासनाला विनंती एवढीच, की निरीक्षकांनी तपासणीनंतर तारीख आणि सही घालून शेरा तिथल्या तिथे लिहून द्यावा आणि पुढच्या साहेबांनी आधी तो वाचावा. कुठला कागद आधी, कुठला नंतर, याची यादी कन्नडबरोबर मराठीतही खिडकीवर लावावी. खानापूर, निपाणीकडच्या बचत गटांतल्या बायकाही या धंद्यात उतरत आहेत. पुढची मिरची बाजारात येण्याआधी हे झालं तर त्यांचा हंगाम वाचेल.

आपली,
एक कांडप व्यावसायिक, शहापूर, बेळगाव