बाबा, प्रभुभोजन सोडू नका

प्रिय आई-बाबा,
प्रभूच्या नावात सलाम.

आईशी बोलताना कळलं की बाबा उपासनेला जातात, पण प्रभुभोजनाची भाकर वाटायची वेळ आली की उठून बाहेर येतात. पाळकसाहेबांनी पोलिसांच्या धाकाने वाडीवरची प्रार्थना बंद करतो असं लिहून दिलं, म्हणून त्यांच्या हातची भाकर नको, असं बाबा म्हणतात. मंडळीत दोन तट पडलेत आणि तुमच्या तटाचे लोक कोर्टात अर्ज करणार आहेत. बाबा, हे फोनवर बोलायला गेलं की तुमचा आवाज चढतो आणि आई रडते, म्हणून लिहिते आहे.

तुमचा राग खोटा नाही. ज्याच्याकडे बघून धीर धरायचा तोच घाबरला, तर जीव तुटणारच.

पण हा वाद नवा नाही. 303 साली रोमी सम्राट डायोक्लेशियनने हुकूम काढला की ख्रिस्ती लोकांची देवळं पाडा आणि पवित्र शास्त्राच्या प्रती जाळायला ताब्यात घ्या. उत्तर आफ्रिकेत सिर्टा नावाचं शहर होतं, आजच्या अल्जीरियातलं कॉन्स्टंटिन. तिथे 19 मे रोजी सरकारी माणसं देवळात शिरली. त्यांनी केलेली यादी आजही वाचायला मिळते. सोन्याचे दोन प्याले, चांदीचे सहा, बायकांचे 82 अंगरखे, पुरुषांचे 16, बायकांच्या पायताणांचे 47 जोड. ते कपडे गोरगरिबांना वाटायचे असणार. ती यादी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आपल्या मंडळीची आयाबायांनी भरलेली कपाटं येतात. बिशप पौल तिथेच बसून होता. सिल्वानस नावाच्या एका सेवकाने चांदीचा दिवा शोधून आणून दिला, तेव्हा त्याला सुनावण्यात आलं की हा सापडला नसता तर तू मेला असतास.

सगळे असे वागले नाहीत. तिकडच्याच थिबियुका गावाचा बिशप फेलिक्स याने ग्रंथ दिले नाहीत आणि जीव दिला. अबिटिना गावाच्या बिशपने मात्र ग्रंथ देऊन टाकले. तरी तिथले विश्वासी घराघरांतून जमत राहिले. 304 साली त्यांतल्या 49 जणांना कार्थेज या मोठ्या शहरात नेऊन छळलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की प्रभूच्या भोजनाशिवाय आम्हांला राहता येत नाही. बाबा, तुम्ही म्हणाल की ते बिशपला सोडूनच जमले होते. खरं आहे. मंडळीच्या एका वडिलाच्या, म्हणजे प्रेस्बिटरच्या हातून त्यांनी भोजन घेतलं. पण भोजन सोडलं नाही.

छळ थांबल्यावर खरी फूट पडली. कार्थेजला सिसिलियन बिशप झाला. त्याच्यावर हात ठेवून त्याला बिशप करणारा अप्टुंगाचा फेलिक्स (हा दुसरा फेलिक्स) ग्रंथ सोपवणारा होता, असा आरोप करून सिर्टाच्या भागातल्या, म्हणजे नुमिडियाच्या बिशपांनी दुसरा बिशप नेमला. पुढे डोनाटस त्यांचा पुढारी झाला. चौकशीत फेलिक्स निर्दोष ठरला. त्याच्याविरुद्धच्या पत्रात भर घातल्याचं एका माणसाने कबूल केलं. आणि शुद्धतेचा झेंडा घेतलेल्या बाजूला कोण होता? तोच सिल्वानस, आता सिर्टाचा बिशप! त्याच्याच डीकनशी भांडण झालं आणि 320 साली सगळं बाहेर आलं. सिर्टाची ती यादी आपल्यापर्यंत पोचली, ती त्या सुनावणीत वाचली गेली म्हणून.

कोर्टाचं म्हणाल, तर सम्राट कॉन्स्टंटाइनकडे आधी अर्ज नेला तो डोनाटसच्या बाजूनेच. निकाल उलटा लागला आणि त्यांच्या देवळांवर शिपाई आले. नंतर डोनाटसने विचारलं की सम्राटाचा मंडळीशी काय संबंध. प्रश्न बरोबर होता, पण दार त्यांनीच उघडलं होतं. पुढे डोनाटसच्या लोकांशी वाद घालणारा तिथलाच बिशप ऑगस्टीन, त्याच्याबद्दल मला कितीही आदर असला, तरी त्याने शेवटी सरकारी जबरदस्तीला शास्त्राचा आधार दिला, हे मला कधीच पटलं नाही.

त्याची दुसरी गोष्ट मात्र मनापासून पटते. बाप्तिस्मा पेत्राच्या हातून होवो की यहूदाच्या, देणारा ख्रिस्तच आहे, असं तो सांगत असे. बाबा, आजोबांना बाप्तिस्मा देणारे पाळक मनाने कसे होते, कुणाला घाबरले होते का, हे तुम्हांला ठाऊक आहे का? पाळकाच्या भित्रेपणाने भाकर विटाळत असेल, तर आजोबांपासून माझ्यापर्यंत कशाचीच खात्री उरत नाही.

म्हणजे पाळकसाहेबांना जाब विचारू नका असं नाही. चार वडील माणसं घेऊन त्यांच्या घरी जा, तोंडावर विचारा. घाबरलात का, आणि वाडीवरच्या लोकांचं आता काय करायचं? तिथल्या बायकांच्या घरी आईने जावं, कारण या भांडणात त्यांची आठवण कुणालाच राहिलेली दिसत नाही. पाळकसाहेबांच्या हातून घेणं तुमच्याने होतच नसेल, तर सध्या शेजारच्या मंडळीत जाऊन भोजन घ्या. पण त्या कोर्टाच्या अर्जावर सही करू नका. नाताळला मी येतेच आहे, तोवर तरी थांबा.

आई, बाबांना हे पत्र तूच वाचून दाखव, बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. गुडघ्याला शेक घेत जा.

तुमची लाडकी,
ताई