ला पाझला येण्याआधी

ला पाझ, बोलिव्हिया

प्रिय निखिल,

तुझं इकडे यायचं पक्कं झालं, फार आनंद झाला. तू सामानाची यादी मागितली आहेस, पण आधी उंचीबद्दल लिहितो. या गावात झोप, स्वयंपाक, घरभाडं सगळं तिच्यावर ठरतं.

विमान उतरतं ते ला पाझच्या वर असलेल्या एल आल्तोच्या विमानतळावर, 4,061 मीटरवर. कळसूबाईच्या जवळजवळ अडीचपट. केबिनमधली हवा साधारण 2,400 मीटरवर असते तेवढी ठेवलेली असते, त्यामुळे इथे उतरताना हवा उलट आणखी विरळ होते. म्हणून थेट येऊ नकोस. आधी सांता क्रूझ (सुमारे 400 मीटर), मग कोचाबांबाला (2,550 मीटर) तीन-चार दिवस, आणि मग वर. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची तर डॉक्टरांना विचारूनच. सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर त्यांना आधी सांग. पहिले दोन दिवस जेवण हलकं, दारू बंद, चढ सावकाश. डोकं जड होणं, रात्री श्वास अडकल्यासारखा होऊन जाग येणं हे होतंच. पण बसल्याजागी धाप लागली किंवा चालताना झोक जाऊ लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. ऑक्सिजन लावायचा आणि लगेच खाली उतरायचं. कोकाच्या पानांचा चहा इथे राजरोस मिळतो आणि बरंही वाटतं. पानं मात्र परत जाताना बॅगेत ठेवू नकोस, आपल्याकडे तो गुन्हा आहे.

आता स्वयंपाक. गावाच्या मध्यात, 3,600 मीटरवर, पाणी 88 अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी दाताखाली येते. आच वाढवून काही होत नाही. पाणी त्याहून तापत नाही, नुसतं आटतं. कुकर हवाच. पण शिटीचं वजन दाब वाढवतं ते बाहेरच्या हवेच्या वर, आणि इथे बाहेरची हवाच हलकी. मुंबईत कुकरच्या आत 120 अंश होतात तिथे इथे 115च्या आसपास. म्हणून शिट्या मोजू नकोस, घड्याळ लाव. डाळ अर्धा तास भिजवून, पहिल्या शिटीनंतर बारीक आचेवर घरच्यापेक्षा दीडपट वेळ ठेव. राजमा-हरभरे रात्रभर भिजवायचेच. रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जादा घेऊन ये. तुझ्या कुकरच्या मापाचे इथे शोधत बसावं लागेल. चहा जास्त वेळ उकळू दे, नाहीतर पावडर उतरत नाही. हवा इतकी कोरडी की मळलेली कणीक पाच मिनिटं उघडी राहिली तरी वर पापुद्रा धरते. ओलं फडकं टाक. मे ते ऑगस्टच्या थंडीत डोशाचं पीठ बाहेर ठेवून आंबत नाही, बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेव.

भाजीला रोड्रिगेझ बाजार, शनिवार-रविवारी सकाळी. एकाच बाईकडून घेत राहा, मग वर मूठभर जास्त मिळतं. मागितलं तरी राग नाही. लोकोतो ही काळ्या बियांची गुबगुबीत मिरची टोमॅटोबरोबर दगडावर वाटून 'याख्वा' करतात. आपल्या ठेच्याची भूक ती भागवते. बाहेर जेवताना 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) म्हणून भागत नाही, कारण कोंबडीला इथे मांस धरत नाहीत. शेंगदाण्याचं सूप शाकाहारी दिसतं, पण पाणी हाडांचं असतं. दोन्ही गोष्टी नाव घेऊन विचार.

घर शोधताना लक्षात ठेव, वर स्वस्त आणि गार, खाली महाग आणि उबदार. दक्षिणेचा कालाकोतो भाग मध्यवस्तीपेक्षा तीनएकशे मीटर खाली आहे, त्यामुळे रात्री सुसह्य. घरांत हीटर सहसा नसतो. हिवाळ्यात सूर्य उत्तरेला असतो, तेव्हा खिडक्या उत्तरेला आहेत का ते आधी बघ. नाहीतर दुपारीही स्वेटर. न्हाणीघरात पाणी तापवायचं यंत्र शॉवरच्या तोंडातच असतं: नळ पूर्ण सोडला की पाणी कोमट, धार बारीक केली की कडकडीत. अर्थिंग नसेल तर नळाला हात लावताच झटका बसतो, म्हणून घर घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला दाखव. जुन्या घरांत 110 आणि 220 अशी दोन्ही व्होल्टेज सापडतात. मिक्सर लावण्याआधी सॉकेट तपासून घे.

'आंतिक्रेतिको' तुला कळायला वेळ लागणार नाही, मुंबईतलं हेवी डिपॉझिटच ते: एकरकमी पैसे, भाडं शून्य, मुदत संपली की रक्कम परत. साध्या कागदावर मात्र करू नकोस. नोटरीसमोर दस्त आणि 'देरेचोस रेआलेस'मध्ये (मालमत्ता नोंदणी कार्यालयात) नोंदणी, दोन्ही हवं. त्याआधी घराचा नोंदणी-उतारा काढून बँकेचा बोजा आहे का ते बघ. असेल तर वसुलीत बँक पहिली, तू नंतर. पहिलं वर्ष साध्या भाड्यानेच राहा असं मी म्हणेन.

ऑफिसला जायला केबलकारचा विचार नक्की कर. 2014 पासून ती चालू आहे आणि रस्त्यावर मोर्चा किंवा नाकेबंदी असली तरी वरून सुटते. घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत असेल असंच बघ.

तिकीट निघालं की तारीख कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास