मेंटॉर ग्रुपवर नुसतं 'नोटेड सर'

मा. संपादक,
माझी मुलगी एसवायला (पदवीच्या दुसऱ्या वर्षाला) आहे. नवीन शैक्षणिक धोरणामुळे मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिट असलं सगळं निवडायचं असतं आणि ते समजावायला कॉलेजने काय केलं, तर मेंटॉर म्हणजे मार्गदर्शक सरांचा व्हॉट्सॲप ग्रुप! रात्री साडेदहाला नोटिशीचा तिरका काढलेला फोटो येतो, खाली पन्नास जणांचं 'नोटेड सर', आणि शंका विचारायची सोय नाही कारण 'ओन्ली ॲडमिन्स'. महाडीबीटीच्या (सरकारी शिष्यवृत्तीच्या) फॉर्मची आठवण पण तिथेच, वाढदिवसांच्या केकखाली गडप.

सरांना दोष देत नाही, एकेकाकडे एवढी पोरं. पण नॅकच्या (कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलला 'मेंटॉर-मेंटी' म्हणून ह्याच ग्रुपचे स्क्रीनशॉट लागतात म्हणे, मग मुलांना कळलं किती हे कोण बघतं? ग्रुप बनवायच्या आधीच ठरवा ना की तारखा इथे टाकायच्या, विषय निवडीचं समोरासमोर बोलायचं, आणि मार्क किंवा घरची अडचण असेल तर ग्रुपवर अजिबात नाही. सेमिस्टर संपली की कितीजणांचा फॉर्म चुकला, किती जणांनी विषय बदलून मागितला एवढं मोजलं तरी पुरे. मुलीने मायनर शेवटी मैत्रिणीचा बघून भरला.
- एक पालक, नाशिक