काका, तुमचे बूट अजून आमच्याकडेच आहेत

काका, फोनवर बोलायला गेले की घसा दाटतो म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण तुम्ही काय केलंत ते लोकांना कळायलाच हवं.

त्या दिवशी आईला सिएरा नेवाडाचे डोंगर दाखवून कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोजवळच्या आपल्या छोट्या एअरपोर्टवर परत येत होते. पायपर ॲरो, छोटंसं विमान, चालवत मीच होते. चाकं खाली सोडली तर तीनपैकी दोनच हिरवे दिवे, डावा नाही, म्हणजे डावं चाक लॉक झाल्याची खात्री नाही. बल्बची अदलाबदल करून बघितली, बल्ब ठीक. चाकं खाली सोडायचा एमर्जन्सी लीव्हर दाबून धरला, विमान डावीउजवीकडे हलवून बघितलं, लॉक काही बसेना. हाच दिवा आधी दोनदा पेटला नव्हता आणि दोन्ही वेळा वर्कशॉपने विमान जॅकवर न चढवताच 'बल्ब गेला होता, बदललाय' म्हणून चावी परत दिली. दोन्ही वेळा! हा राग डोक्यातून जात नाही, माझी आई बसली होती हो त्यात.

तिथे विमानांना सूचना देणारा कंट्रोल टॉवर नाही, रेडिओवर जो असेल तोच बोलतो. तुम्ही होतात. आईला इंग्रजी कळत नाही, माझा आवाज मात्र कळत होता, ती डोळे मिटून रामरक्षा म्हणायला लागली होती. आणि एकदम हेडसेटमध्ये मराठी, "ताई, मी खालीच उभा आहे. तुमच्या बाजूचं दार थोडं उघडा आणि फटीत चप्पल अडकवा, म्हणजे दार जाम होणार नाही." ॲरोला दार एकच, तेही तिच्याच बाजूला. तिने डोळे उघडले आणि कामाला लागली.

उतरल्यावर डावं चाक दुमडलं, पंख घासला, प्रॉपेलर वाकला. आम्हाला खरचटलंसुद्धा नाही.

पण मला रोज आठवतं ते पुढचं. जुलैचं ऊन, रनवे तव्यासारखा तापलेला, आईची एक चप्पल दारात. सगळे पेट्रोल गळतंय का बघायला विमानाकडे धावले आणि तुम्ही खाली वाकून स्वतःचे बूट काढलेत, लेस सैल केल्यात, आईच्या पायापाशी ठेवलेत आणि नुसत्या मोज्यांवर उभे राहिलात. एक शब्द बोलला नाहीत. आई तेव्हा रडली काका, वर असताना नाही. हुशार, शिकलेली माणसं रोज भेटतात, पण दुसऱ्याच्या पायाला चटका बसतोय हे दिसणारी किती असतात?

आईने बूट पॉलिश करून ठेवलेत, सांगलीला जायच्या आधी स्वतःच्या हाताने द्यायचेत म्हणते. रविवारी दुपारी येतोय, घरी असा.