कचऱ्याचा ठेका वजनावर नको

संपादक महोदय,

घरोघरी कचरा गोळा करण्याचा ठेका देताना नगरपालिका बहुधा प्रतिटन दर लावतात. घोळ तिथेच सुरू होतो. वजनावर पैसे म्हटल्यावर माती, राडारोडा भरून गाडी वजनकाट्यावर चढवली जाते; हलका पुठ्ठा नि प्लास्टिक वेगळे काढण्यात ठेकेदाराला रस कशाला असेल? त्यापेक्षा घरटी दर लावावा आणि मिसळलेला कचरा आढळला की बिलातून कपात करावी.

दुसरी अडचण गाडीची. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे वर्गीकरण सक्तीचे केले. लोक दोन डबे ठेवतातही, पण कॉम्पॅक्टरमध्ये सगळे एकत्र दाबले जाते. आमटीत भिजलेला कागद भंगारवाला घेत नाही, काचा मिसळलेले खत शेतकरी घेत नाही. घंटागाडीत मधोमध पत्र्याचा पडदा, मागे पॅड-डायपरसाठी झाकणाचा डबा आणि बॅटरी-ट्यूबलाइटसाठी ठरलेला वार, एवढे निविदेत लिहायलाच हवे. पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढला, की वेचणाऱ्या बाईला पुडी उघडून पाहावी लागत नाही. (हे काम फुकटात होते, तरी कुणी सांगत नाही.)

पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार जाते. घरटी शुल्क सदस्यांना मिळते आणि सुका माल विकण्याचा हक्कही, त्यामुळे तो कोरडा राखण्यात त्यांचाच फायदा असतो. इतर शहरांनी निविदा काढण्याआधी कचरावेचकांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे द्यावीत. नाहीतर नंतर ठेकेदार त्यांना गेटच्या आत घेत नाही.

– एक वाचक