काकू, दिवाळीत तुम्ही जे केलंत त्याबद्दल

काकू,

तोंडावर आभार मानले तर तुम्ही "गप गं, चहा घे" म्हणून विषय बदलणार, म्हणून लिहूनच टाकतेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण ज्या घरात माणूस गेलंय तिथं सणाला कसं जायचं हे भल्याभल्यांना कळत नाही, तुम्हाला बरोबर कळतं.

बाबा जूनमध्ये गेले. गणपती चुलत्यांकडे बसला, नवरात्रात आमच्याकडे घट बसले नाहीत, ते दिवस कसेतरी गेले. पण दिवाळीचं टेन्शन आईला आणि मला दोघींनाही आधीपासूनच होतं, फक्त एकमेकींना बोलत नव्हतो. त्यात माझं ऑफिस. सीएच्या ऑफिसात काम करणाऱ्यांना २०२५ चा सीझन वेगळा सांगायला नको, इन्कम टॅक्स रिटर्नची ३१ जुलै आधी १५ सप्टेंबर झाली मग आणखी एक दिवस, ऑडिटची ३० सप्टेंबरची ३१ ऑक्टोबर झाली, आणि जीएसटीची थ्रीबी (दर महिन्याचं रिटर्न) २० ऑक्टोबरला म्हणजे बरोबर नरक चतुर्दशीला. ती ऐन दिवाळी तोंडावर आल्यावर २५ केली. तारीख वाढली की बाहेरच्यांना वाटतं सुटलात, पण क्लायंट लगेच कागद द्यायचा थांबतो आणि तेच काम सणात येऊन बसतं. सुट्टी मागायची तर रजा बाबांच्या आजारपणातच संपलेल्या. भाऊ जर्मनीत, तो रोज व्हिडिओ कॉल करायचा आणि आम्ही दोघी छान असल्याचं नाटक करायचो.

"काही लागलं तर सांग" असं म्हणणारे खूप होते, वाईट हेतू कुणाचाच नव्हता, पण काय लागतंय ते सुचण्याइतकं डोकं तरी जागेवर पाहिजे ना? तुम्ही विचारलंच नाहीत. एक दिवस थेट येऊन म्हणालात, "बाबांची फाईल कुठंय, दे." बाबा पाटबंधारे खात्यातले, पेन्शन कोषागारातून, आणि कुटुंब निवृत्तीवेतनाचा अर्ज मी नुसता टेबलावर ठेवलेला. मृत्यूचा दाखला, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत, आईचे फोटो, पासबुक, सगळ्याच्या झेरॉक्स काढून तुम्ही आईला रिक्षात बसवून घेऊन गेलात. दिवसभर लोकांचे आकडे जुळवणारी मी, पण त्या फॉर्ममधल्या "मृत निवृत्तीवेतनधारकाचे नाव" या रकान्यापुढं माझं पेन जात नव्हतं. ते तुम्ही भरलंत, तुमच्या त्या बँकेतल्या गोल अक्षरात. बाबांचं सिम बंद करायची घाई करू नको, गॅसचं बुकिंग आणि बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो, आधी ते सगळं आईच्या नंबरवर घे, हेही तुम्हीच सांगितलंत. नाहीतर मी चिडून एक दिवस ते बंद करून मोकळी झाले असते.

आता फराळ. आपल्याकडं अशा वर्षी घरात तळण करत नाहीत, शेजारीपाजारी आणून देतात, चांगली रीत आहे. पण लक्ष्मीपूजनापर्यंत आमच्या ओट्यावर इतके डबे झाले की चकल्या एका रांगेत आणि चिवडे एका रांगेत, आणि दोघीजणी त्याच्याकडं बघत उपाशी. त्या संध्याकाळी बाहेर फटाके चालू असताना तुम्ही पिठलं, भाकरी आणि खर्डा घेऊन आलात. आई कितीतरी दिवसांनी दुसरी भाकरी मागून जेवली ओ काकू. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन जेवत होते तर तुम्ही तो उचलून फ्रिजवर ठेवलात. त्यानंतर रात्री तुमच्या हॉलमध्ये बसून काम करायला दिलंत, काका टीव्ही म्यूट करून बातम्या बघायचे (म्यूट करून बातम्या बऱ्या वाटतात हा माझा अनुभव).

आणि किल्ला! बाबा दरवर्षी गल्लीतल्या पोरांना आमच्या अंगणात पन्हाळा करायला लावायचे, तीन दरवाजा नसेल तर आख्खा किल्ला पाडायला निघायचे. यंदा पोरांच्या आया म्हणाल्या त्यांच्या दारात नको, बरं दिसत नाही. तुम्ही पोरांना घेऊन सरळ आईकडं आलात आणि विचारलंत, "साहेब अंबरखाना कुठल्या बाजूला घ्यायचे हो?" आई आधी नुसती बघत राहिली, मग खाली उतरली. अळीव तिनंच पेरले. चार लोकं बाबांचं, म्हणजे "साहेबांचं" नाव टाळत होती तेव्हा तुम्ही ते इतक्या साधेपणानं घेतलंत, की त्या दिवसापासून आम्ही दोघीपण घरात त्यांच्याबद्दल बोलायला लागलो, अगदी त्यांच्या घोरण्याबद्दलसुद्धा.

पाडव्याची मला सगळ्यात जास्त भीती होती. त्या दिवशी आई बाबांना ओवाळायची आणि बाबा पाकीट द्यायच्या आधी मुद्दाम खिसे चाचपायचे. यंदा सकाळीच तुम्ही ताट घेऊन आलात आणि आईला कुंकू लावलंत. ती मागं सरकली. तुम्ही म्हणालात, "हेरवाडनं २०२२ ला ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, शिरोळ तालुक्यातल्या गावाला जमतं आणि आपल्याला कोल्हापुरात राहून जमत नाही होय?" मग सरकारनंही इतर गावांना तसंच करा म्हणून परिपत्रक काढलं होतं हे आईनंच तुम्हाला सांगितलं, बाबांनी पेपर वाचून दाखवलेला म्हणे. दोघी त्यावरच बोलत बसलात आणि कुंकू राहिलं कपाळावर. गल्लीत कुणी काय म्हणालं ते माझ्यापर्यंत आलंय, तुमच्यापर्यंतही आलं असणार. तुम्ही दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडंच दळण टाकायला गेलात यावर मी फिदा आहे.

अजून एक, ते फारसं कुणाला माहीत नाही. भाऊबीज झाल्यावर मला रात्री झोपच लागेना, छातीत धडधडायचं, तेव्हा तुम्ही १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा नंबर कागदावर लिहून दिलात, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. "मी ऐकीन गं, पण त्यांना शिकवलेलं असतं," म्हणालात. मी फोन केला. मग डॉक्टरांकडेही गेले. आता झोपते.

ऑडिटची तारीख शेवटी १० नोव्हेंबर झाली, तीही गेली, हयातीचा दाखलाही आईनं स्वतः जाऊन दिला. वर्षश्राद्धाला भाऊ येतोय, त्या दिवशी तुम्ही वाढायला नाही, पहिल्या पंगतीला बसायचं, हे आईनं ठरवलंय आणि तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तुमचे स्टीलचे दोन डबे अजून आमच्याकडे आहेत, शेंगदाण्याची चटणी झाली की पाठवते. काकांना सांगा तिखट आहे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची