दहा मिनिटांची दंडार

प्रिय दिवाकर,

तुझा फोन आला तेव्हा मी धानाच्या बांधीत होतो. नंतर करतो म्हटलं आणि राहून गेलं. रागावू नको गा. आता जे सांगायचं आहे ते फोनवर आटपणारं नाही, म्हणून कागद घेऊन बसलो.

तब्येत ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच. हलका धान कापून पुंजणे लागले. भारी धानावर तुडतुडा आला होता, फवारणीनं आवरला. झालं.

आता मूळ गोष्ट. आपल्या दंडारीला, गावच्या नाच-गाण्या-सोंगांच्या खेळाला, नागपूरहून बोलावणं आलं आहे. मोठा हॉल, लाइट, जाण्यायेण्याचं भाडं, वर मानधन. चिठ्ठी वाचली तेव्हा गुरुजींचे डोळे भरून आले. मग खालची ओळ वाचली: सादरीकरणाची वेळ दहा मिनिटं.

दिवाकर, दहा मिनिटं! तालमीत एका पोट्ट्यानं मोबाइलवर वेळ लावली. आपलं नमन संपायच्या आत घंटी वाजली. आता पोट्टे म्हणतात, नमन काढून टाकू. सोंगाड्या काढू, त्याची बोली नागपूरवाल्यांना कळणार नाही. झीलही, मागच्यांनी धरायची ती ओळही, एकदाच घेऊ, तेच ते पुन्हा कशाला? मधलं नाचाचं तेवढं ठेवू, ढोलकी जोरात वाजवू. मी गप्प राहिलो, कारण बोललो असतो तर भांडणच झालं असतं.

तूच सांग, नमन लांबतं ते काऊन लांबतं? गावातल्या एकेका देवाचं नाव घेऊन होईस्तोवर बाया चुलीपुढून उठून येतात, पाहुणे हात धुऊन जागा धरतात, रडणारं लेकरू झोपतं. गाव जमतं त्या वेळात. आणि झील परत परत येते म्हणून तर तिसऱ्या खेपेला समोरचे बुढे तोंड हलवायला लागतात. एकदाच घेतली तर ती फक्त आपल्यापाशी राहील. सोंगाड्याचं काय सांगू! धानाचे चुकारे अडले होते त्या वर्षी आपल्या सोंगाड्या बुढ्यानं सरपंचाला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "पैसे येतेत का पुढच्या जन्मी येऊ?" सरपंच हसले, उठून बक्षीस दिलं आणि बक्षिसाची नोट घेऊन बुढा पुन्हा तेच विचारायला त्यांच्याचपाशी गेला. हे नागपूरच्या हॉलमध्ये कोणाला विचारायचं?

पण उलटी बाजूही आहे आणि तीच मला झोपू देत नाही. हे पोट्टे पहिल्यांदाच आपणहून आले आहेत. मागच्या मंडईला, दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, यांनाच डीजे पाहिजे होता. आता रोज जेवून तालमीला येतात, टाळ घासून ठेवतात, गुरुजींना चाल विचारतात. ढोलकीवर एक पोरगं आहे, त्याचा हात ऐकशील तर तुझी तू वाजवलेली ढोलकी विसरशील. (चिडू नको, तू ढोलकी फोडलीच होतीस.) त्यांना नाही म्हटलं तर ते परत येतील का?

तुझं उत्तर मला माहीत आहे. ज्यानं पोट भरत नाही ते किती दिवस उराशी धरणार, हेच ना? आपण यावर वडशाच्या स्टेशनवर भांडलो होतो आणि गाडी आली तरी तू बोलतच होतास. तू नाटकाचा दाखला दिला होतास. मला नाटक कमी वाटत नाही रे. ऑर्गनचा पहिला सूर लागला की मी अजूनही पहाटेपर्यंत हलत नाही. साकोलीचे अभ्यासक हरिश्चंद्र बोरकर सर सांगतात तसं आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक आपल्या दंडारीच्याच पोटातून आलं, प्रसंग रचून होणाऱ्या परसंगी दंडारीतून. म्हणजे ती घरचीच लेक. 2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा फोनवर तू ओरडत होतास आणि इकडे मी. पण नाटकाला वडसा मिळालं. तिथं कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावोगावचे लोक येऊन बुकिंग करतात, दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम चालतो, कलाकाराच्या घरी पैसा जातो. दंडार कोणी कधी विकलीच नाही. ती पाहुण्यांवर जगली. मंडईला सोयरे आले, सिंगाडे-ऊस घेतला, पोरीसाठी पोरगा पाहिला आणि रात्री दंडारीला बसले.

म्हणून तर 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा आपल्याकडचा शंकरपट गेला आणि पटाची रात्रही ओस पडली. बैल नाहीत तर पाहुणे कशाला येतील? 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, 2023 मध्ये पाच न्यायाधीशांनी कायदा कायम ठेवला, बैल पुन्हा धावले. पण मधल्या वर्षांत आपले दोन झीलकरी गेले आणि पाहुण्यांना रात्रीच परतायची सवय लागली. तेव्हापासून मी म्हणतो आहे की दंडार वाचवायची तर आधी ती रात्र वाचवा. आजही तेच म्हणतो. तू स्टेशनवर कितीही ओरडला असलास तरी.

तर माझ्या मनात असं आलं आहे. सगळ्याचे तुकडे करून दहा मिनिटांत कोंबायचे नाहीत. नागपुरात फक्त नमन करायचं, घाई न करता. देवांची नावं आपल्याच गावची घ्यायची, झील हवी तितक्यांदा म्हणायची. वेळ संपली की नमस्कार करून उतरायचं आणि खाली येताना सांगायचं, पुढची दंडार पाहायची तर मंडईला आमच्या गावी या. गुरुजींना पटलं. पोट्टे म्हणतात, नमनात उड्या कुठे आहेत? मी त्यांना म्हटलं, दिवाकर सांगेल तसं करू. आता तू अडकलास.

खरी अडचण वेगळीच आहे. नमनाच्या दुसऱ्या झिलीत आवाज कुठे वर जातो ते गुरुजींना नीट आठवत नाही आणि मला येतं ते चुकीचं आहे असं तूच आयुष्यभर सांगत आलास. ती तुला येते. रेकॉर्ड करून पाठवशीलच, पण पोट्ट्यांना समोर बसून शिकवायला पाहिजे. श्वास कुठे घ्यायचा ते मोबाइलमध्ये दिसत नाही.

वहिनींची नवी नोकरी कशी चालली? पोरीची दहावी आहे, तिला आशीर्वाद सांग. त्या खोलीला पाणी येतं का रोज? कारखान्यात सुट्टीचं आताच बोलून ठेव, मागच्या वेळेसारखं शेवटच्या दिवशी नको.

मंडई भाऊबीजेच्या नंतर लगेच आहे. तू दोन रात्री आधी येजो. नागपूरहून दिवसाचीच बस धर, ब्रह्मपुरीला उतरून फोन करजो, मी घ्यायला येतो. रात्री मोटरसायकलनं निघू नको. नाल्याकडच्या रस्त्यावर वाघाचे पंजे दिसत आहेत. आपण बांधाबांधानं तीन तीन गावच्या दंडारी पाहत हिंडायचो, ते दिवस आता नाहीत. आणि टोपी नको, फेटा आण. तुझा तो गुलाबी फेटा इथं कोणाकडेच नाही.

तुझा,
प्रभाकर